मागची वाकडी चाकं

५ जानेवारी, रविवार

घरजावयानं आज अंगणात दोऱ्या बांधल्या! मला आधी वाटलं, कपडे वाळत घालतोय. बायकोचे कपडे वाळत घालायला त्याला लाज नाहीच. पण नाही — गाडीच्या दोन्ही अंगांना लोखंडी तिवया उभ्या केल्या, त्यांना मासे धरायची तंगूस ताणून बांधली, आणि मग पोटावर आडवा होऊन मागच्या चाकाला स्टीलची पट्टी लावत बसला. आकागी डोंगरावरून वारा असा सुटलेला की दोरी वाजत होती. नाक गळतंय, पट्टी हलतेय, आणि हा आपला आकडे पुटपुटतोय.

गाडी तरी काय वर्णावी! चांगली चार माणसांची गाडी. आखूड स्प्रिंगा घालून जमिनीला टेकवून ठेवलीय. खालून मांजर जाईल, तेही पोट आत घेऊन. एवढी खाली बसवल्यावर मागची चाकं वरून आत कलली, पाय फाकून उभं राहिल्यासारखी. टायर आतल्या कडेला झिजून तारा दिसायला लागल्या. तेव्हा आता शहाण्याला चाकं सरळ करायचीत. घरच्या घरी.

व्हरांड्यातून म्हटलं, "आधी वाकडं करायचं, मग सरळ करायचं — कारखान्यात पण असंच चालतं का रे तुझं?"

"माफ करा, बाबा."

हा माणूस शिंकला तरी माफी मागतो.

६ जानेवारी, सोमवार

रात्री जेवताना त्याचं खरं पोटातलं बाहेर आलं. चिहारुला मार्चअखेर बाळ होणार. दवाखान्यातून बाळाला घरी आणायचं ते ह्याला स्वतःच्या गाडीतून आणायचंय! माझ्या बायकोची, फुसाएची छोटी गाडी दारात आहे, पण ती नको. "लहानपणापासून मनात होतं, बाबा, की आपल्या मुलाला आपण..." वगैरे वगैरे. बोलताना कान लाल.

मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, "बस डेपोत सदतीस वर्षं मी चाकं आणि ब्रेक बघितलेत. मागून शेपूट हलवणाऱ्या त्या गाडीत माझी लेक बसणार नाही आणि माझा नातूही बसणार नाही. आधी सरळ करून दाखव. मार्चच्या मध्यापर्यंत झाली नाही तर भंगारात घालायची. कबूल?"

"कबूल, बाबा."

चिहारुनं माझ्याकडे असं बघितलं! बघू दे.

७ जानेवारी, मंगळवार

मला तो आवडत नाही. हे मी कागदाला तरी सरळ सांगावं.

आम्हाला मुलगा नाही. एकटी चिहारु. माझ्यामागे नुमाजिरी हे नाव संपायला नको, म्हणून जावई घरात घेतला, त्याला आमचं आडनाव दिलं. शिमोनिताकडे कोन्याकूचे कंद लावणाऱ्या कुरोइवाचा तिसरा मुलगा. तिसऱ्याला तिकडे कोण विचारतं! घरात मूठभर कोंडा असेल तोवर घरजावई होऊ नये, अशी म्हण आहे आमच्यात. त्यांच्याकडे तेवढाही नसावा. आला, वाकला, चपला नीट लावल्या, आणि माझ्या मुलीच्या शेजारी जाऊन बसला. आता माझ्याच घरात चिहारु आधी त्याला वाढते.

नातू हवा. जावयाशिवाय मिळाला असता तर बरं झालं असतं, पण त्याला इलाज नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज त्यानं कोठीतली तांदळाची दोन पोती उचलून गाडीत नेऊन बसवली — ड्रायव्हरच्या जागी! म्हणे माणसाचं वजन आत नसेल तर गाडी वर राहते, माप चुकतं. पोत्यांना पट्टाही बांधला. मी फुसाएला हाक मारून दाखवलं. "बघ, तुझा जावई. पोतीच जास्त हुशार दिसतायत."

मग गाडी दाबली, सोडली, पुढे-मागे ढकलली, परत दोरी. रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत किती, मागच्या कडेपासून किती. मागच्या चाकाचं नाक किंचित आत हवं. बाहेर गेलं की ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट सुटते. हे मला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक निघालं.

मध्येच येऊन हळूच विचारतो, "बाबा, हा कोबा... एका बाजूला जरासा उतरता आहे का?"

हा कोबा मी स्वतः ओतलाय. गटाराकडे उतार ठेवूनच ओतलाय, पाणी जायला नको? पण हे मी त्याला कशाला सांगू! म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं!"

"माफ करा," म्हणाला, आणि पुन्हा त्याबद्दल बोलला नाही. चाकाखाली काही फरशीचे तुकडे वगैरे घालून उतार मारता आला असता, पण तेही केलं नाही. माझा कोबा वाकडा आहे असं माझ्या तोंडावर दाखवायची हिंमत नाही. आकडेच कुठेतरी वजा करत बसला असेल.

तरी संध्याकाळी गाडी सरळ झाली. नदीच्या पुलापर्यंत जाऊन आला. चिहारु पोट सांभाळत दारात आली आणि टाळ्या वाजवल्या. तो हसला. दात दिसले. इतक्या दिवसांत मी त्याचे दात कधी बघितले नव्हते.

मला जेवण गेलं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

आज ते केलं.

तो कारखान्याच्या बसनं जातो, ही गाडी आठवडाभर उभीच. फुसाए बाजारात, चिहारु झोपलेली. डेपोतले माझे दोन पाने काढले. गाडी इतकी खाली की डोकं घालून बघायची सोयच नाही. जमिनीवर कुशीवर पडलो, हात खांद्यापर्यंत आत घातला. मागच्या चाकाचं नाक आत-बाहेर करायचा बोल्ट कुठे असतो ते माझ्या बोटांना पाठ आहे. नट सैल केला, बोल्टाचं डोकं जरासं फिरवलं, नट पुन्हा आवळला. झालं!

उठलो तेव्हा गुडघे सोलले होते. पण किती दिवसांनी भूक लागली! दुपारी दोन वाट्या भात खाल्ला. फुसाए म्हणाली, "आज काय विशेष?"

म्हटलं, "हवा चांगली आहे."

१९ जानेवारी, रविवार

मजा! मजा! पट्टी लावली, बघितली, परत लावली. दोरी सोडली, परत बांधली. पोती काढली, परत घातली. अंगणात खुर्ची टाकून मी बसलो होतो, हातात चहा.

"काय झालं रे?"

"गेल्या रविवारी बरोबर होतं, बाबा. आज नाक बाहेर गेलंय."

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच."

हसला! अपमान केला तरी हसतो. ह्याला काय म्हणावं? अंधार पडेपर्यंत पुन्हा सरळ करत बसला. हात फुटलेले, बोटांतून रक्त. चिहारु लोकरीचे हातमोजे घेऊन आली तर मी म्हटलं, "त्याच्या हातांची काळजी नको, कंद उकरायच्या घरातला आहे."

२२ जानेवारी, बुधवार

फिरवला. ह्या वेळी डावीकडचा.

२६ जानेवारी, रविवार

पुन्हा तेच. पट्टी, दोरी, डोकं खाजवणं.

आज मात्र तो चाकापाशी बराच वेळ उकिडवा बसून राहिला. काही करत नव्हता. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी बशीतला मुळा चावत होतो. माझं चावणं थांबलं, हे लिहून ठेवतो.

"माझंच काहीतरी चुकत असणार, बाबा," म्हणाला.

"दुसरं कोणाचं चुकणार?"

"हो," म्हणाला.

मूर्ख तो मूर्खच! मी उगाच घाबरलो.

२ फेब्रुवारी, रविवार

खोक्यातून एक चकचकीत दांडी आली. म्हणे मागच्या दोन्ही चाकांना घट्ट धरून ठेवते. नवसानं मूल झाल्यासारखा तिला फडक्यानं पुसत होता. गाडी जॅकवर घेतली, खाली शिरला, दुपारभर खालीच. मला हाक मारली, "बाबा, बघता का, कशी बसवतोय ती?"

मी उठून वाकून जावयाचं काम बघू? खुर्चीवरूनच सांगितलं, "पगार लोखंडात घाल. मुलाला दूध मी पाजतो."

फुसाए आतून म्हणाली, "बस करा हो."

तिला म्हटलं, "तू तुझी भांडी बघ."

५ फेब्रुवारी, बुधवार

फिरवला. नव्या दांडीचा काही उपयोग नाही, बोल्ट आहे तिथेच आहे. उलट आता फार हलका फिरतो. तेल घातलं असणार गाढवानं. माझंच काम सोपं केलं!

९ फेब्रुवारी, रविवार

"परत गेलं, बाबा."

ह्या वेळी मी मोठ्यानं हसलो. शेजारच्या ओकाबेला कुंपणावरून हाक मारून बोलावलं. "या, या, आमच्या इंजिनियरची चाकं बघा. दर रविवारी सरळ, दर रविवारी वाकडी!" ओकाबेही हसला. जावई तिवया गोळा करत खाली बघत होता. कान लाल.

जेवताना चिहारु रडली. "बाबा, तुम्ही त्याला 'हा' आणि 'तो' म्हणता. निदान नावानं हाक मारत जा ना!"

"नाव मीच दिलंय त्याला. नुमाजिरी."

"कोहेई! त्याचं नाव कोहेई आहे!"

तो तिचा हात धरून म्हणाला, "राहू दे गं." मला उलट बोलेल तर त्याची किंमत तरी वाढेल. पण तेवढं पाणी नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

त्याच्या बापानं घरचा कोन्याकू, म्हणजे त्या कंदांची थलथलीत वडी पाठवली, राखाडी, डागडागांची, ओल्या कापडात गुंडाळून. फुसाए शिजवायला घेत होती, मी उचलली आणि ओकाबेच्या कुत्र्यापुढे टाकली. कुत्र्यानंही तोंड लावलं नाही! हे मी रात्री ताटावर सगळ्यांना सांगितलं. कोहेई म्हणाला, "कुत्र्यांना तो पचत नाही, बाबा." एवढंच.

मग मला वाटलं, जरा जास्त झालं. पण बोललेलं परत कसं घेणार? आणि घ्यावं तरी का?

काल बुधवारी फिरवायचं राहिलं होतं, ते आज सकाळीच उरकलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज तो माझ्या खुर्चीपाशी आला आणि गुडघ्यांवर बसला. त्या गार कोब्यावर!

"बाबा, तुम्ही एकदा हात लावून बघाल का? सदतीस वर्षं केलंय तुम्ही. दोघांनी मिळून केलं तर होईल, असं वाटतं मला."

क्षणभर — खोटं कशाला लिहू — क्षणभर उठावंसं वाटलं. पट्टी हातात घ्यावी, तू आकडे सांग म्हणावं. डेपोत असं किती पोरांना शिकवलं!

मग खिडकीतून चिहारु बघताना दिसली. तिच्या तोंडावर अशी आशा, जणू तिनंच त्याला पाठवलंय. म्हणजे सगळं ठरवून! मला गुंडाळायला!

म्हटलं, "असल्या कामाला माझे हात नाहीत."

तो वाकला. "बरं, बाबा."

२ मार्च, रविवार

"आता भंगारवाल्याला फोन करू?" मी विचारलं.

"ठरल्याप्रमाणे अजून दोन आठवडे आहेत, बाबा."

दिवस बरे मोजतो!

५ मार्च, बुधवार

सकाळी शेवटचा हात मारला. दोन्ही बाजू. आजवर कधी फिरवला नव्हता एवढा. येत्या रविवारी गाडी अंगणातून बाहेर काढतानाच खेकड्यासारखी चालेल.

बर्फाळ पाऊस पडतोय. फुसाए तिच्या बहिणीकडे ताकासाकीला गेलीय, छोटी गाडी घेऊन.

६ मार्च, गुरुवार

काल जे झालं ते लिहायला हवं.

ते शेवटचं वाक्य लिहून मी वही मिटली आणि आतून चिहारुची हाक. "बाबा!" जाऊन बघतो तर चटई ओली, ती भिंतीला धरून उभी. तीन आठवडे आधी! दवाखान्याला फोन केला, "लगेच आणा" म्हणाले. टॅक्सीवाला म्हणाला, पावसामुळे पाऊण तास. रुग्णवाहिका बोलवू म्हटलं तर ती ओरडली, "मी काय मरतेय का? कोहेईची गाडी आहे ना! किल्ली लटकतेय समोर!"

ओकाबेची व्हॅन दारात उभी होती. मला दिसत होती. पण ओकाबेला काय सांगणार? घरात गाडी असताना तुझी का हवी? चाकं वाकडी आहेत म्हणून? गेल्या रविवारी तर त्याच्या डोळ्यांदेखत सरळ झाली होती. मग वाकडी कोणी केली?

तेवढ्यात फोन वाजला. चिहारुनं कारखान्यात कळवलं होतं. कोहेई.

"बाबा, मी निघतोय, पण मला तासभर लागेल. तुम्ही माझ्या गाडीतून न्या तिला." मागे यंत्रांचा आवाज येत होता. "न्यायला काही हरकत नाही ना, बाबा?"

मी म्हटलं, "काय हरकत असणार!"

"खरंच नाही ना?"

"नाही म्हटलं ना!"

"बरं," म्हणाला.

तिला मागे बसवलं. गाडी काढली. क्लचवरचा पाय चुकला, दोनदा बंद पडली. रस्ता काळा, वर बर्फाचा चिखल. मागची दोन चाकं दोन दिशांना ओढणार, हे मला माझ्या बोटांइतकं ठाऊक. नदीच्या पुलावर वळण आहे. तिथे शेपूट सुटणार. कठड्यापलीकडे वातारासे नदी. मी वीसच्या वर गेलो नाही. मागून ट्रक भोंगे वाजवतायत, चिहारु मागे कण्हतेय, "बाबा, गोगलगायीसारखे काय चालवताय! लवकर!" आणि मी तोंडातल्या तोंडात म्हणतोय, आत्ता सुटेल, आत्ता सुटेल. एकदा तोंड उघडलं. सांगणार होतो, उतर, इथेच उतर, मी केलंय. उघडलं आणि मिटलं.

पूल आला. वळण आलं. डोळे मिटावेसे वाटले.

गाडी गेली की हो! सरळ गेली. दोरीवरून चालावी तशी. मग मी जोर दिला, तरी सरळच. दवाखान्याच्या दारात थांबवली तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

मुलगा झाला. वजन कमी, पण आवाज केवढा! कोहेई भिजून धावत आला, आधी चिहारुकडे गेला, मग बाळाकडे. माझ्यापुढे येऊन वाकला. लगेच वळून पुन्हा बाळाकडे गेला. दमला असेल.

नातू! मला नातू झाला!

८ मार्च, शनिवार

झोप नाही. बाळाची नव्हे, बोल्टाची काळजी. आज कोणी नाही बघून पुन्हा हात आत घातला. बोल्ट जिथे मी नेऊन ठेवला होता तिथेच आहे, दोन्ही बाजूंना. मग गाडी सरळ कशी गेली? मी उलट्या अंगानं फिरवला? सदतीस वर्षांनंतर मला आत कुठलं आणि बाहेर कुठलं कळेनासं झालं?

ह्याचा राग येतोय, हे चमत्कारिक आहे. देवाचे आभार मानायचे तर मी स्वतःच्या बोटांवर चिडलोय.

जाऊ दे. सोमवारी बाळ घरी येईल. फुसाएनं तांबडी चवळी घालून सणाचा भात करायचं ठरवलंय. कोहेईला आपल्याच गाडीतून त्याला आणू दे. मी काही बोलणार नाही. वाटलं तर नावानं हाकही मारीन.

१० मार्च, सोमवार

कोहेई एकटाच आला. चिहारुचे आणि बाळाचे कपडे पिशवीत भरले. मग अंगणात माझ्यापुढे वाकला आणि अगदी हळू आवाजात, नेहमीच्याच आदरानं म्हणाला, "नवी दांडी बसवली त्याच दिवशी ते दोन्ही बोल्ट मी बाद केले होते, बाबा. ते नुसते फिरतात, चाकं नवी दांडी धरते. त्यानंतर 'परत गेलं' म्हणत राहिलो ते खोटंच. मला वाटलं, तुमचा राग माझ्यावर आहे, फिरवून फिरवून निघून जाईल. आम्ही शिमोनिताला, माझ्या वडिलांकडे राहू. बाळाचं आडनाव नुमाजिरीच राहील, त्याची काळजी करू नका. चिहारुला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण मी फोनवर तुम्हाला विचारलं होतं, बाबा. दोनदा विचारलं होतं."